चार बटनांची फेरी

आमच्या मोताळ्यात विजेला वीज म्हणत नाहीत. वीज आकाशात असते आणि ती झाडावर पडते. घरात असते ती लाईन. लाईन येते, लाईन जाते, उन्हाळ्यात दुपारी ती अर्धीमुर्धी असते आणि पंखा उपकार केल्यासारखा फिरतो. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, फळ्यावर 'विद्युत' हा शब्द कितीदा तरी लिहिला, आणि शाळा सुटून घरी आले की 'लाईन आहे का' हेच विचारलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण गेल्या उन्हाळ्यात या एका शब्दापायी माझ्या दाराची कडी तुटली आणि मी मोताळ्यात राहायचं की नाही, हा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला होता.

मी घरात एकटी असते. आमच्या यांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी बैलगाडीतून, मोटरसायकलवरून दुकानात यायच्या आणि हे त्यांत नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचे. आयुष्यभर माणूस जळकंच बघत राहिला, की त्याचा कशावर विश्वास बसत नाही. त्यांचा घरातला एकच नियम होता: उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायच्या आधी भिंतीवरचं प्रत्येक बटन बंद. नुसतं यंत्राचं नव्हे, भिंतीवरचं. फ्रिजला तेवढी मुभा होती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा मला त्यांनी एस.टी.तून खाली उतरवून घरी परत आणलं होतं. इस्त्रीचं बटन चालू राहिलं होतं म्हणून. इस्त्री थंडगार होती, तिची वायरसुद्धा गुंडाळून ठेवलेली होती. त्या दिवशी गाडी चुकली आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत जाताना मात्र माझा हात आपोआप बटनांवरून फिरला, तो आजतागायत फिरतोच आहे.

फेरी ठरलेली. समोरच्या खोलीत टीव्ही, मधल्या खोलीत कूलर, घरातल्या बोळीत घरघंटी, स्वयंपाकघरात शेगडी. टक, टक, टक, टक. मग मागच्या दाराला कुलूप लावायचं आणि बाहेर. पुढचं दार आतून कडी लावलेलंच असतं, कारण बाजार, दवाखाना, देऊळ, सगळं मागच्या गल्लीकडून जवळ पडतं.

गेल्या वर्षी महाशिवरात्रीच्या आसपास अंगणात कपडे वाळत घालताना मला चक्कर आली. पडले, कोपराला थोडं खरचटलं, समोरच्या काकूंनी पाणी पाजलं, झालं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि जड उचलू नका म्हणून सांगितलं. गोष्ट एवढीच. पण ती पुण्याला पोहोचेपर्यंत वाढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा दारात उभा राहिला. माझा एकुलता एक मुलगा तिथे कॉम्प्युटरवर नोकरी करतो. त्याने बूटही काढले नाहीत. म्हणाला, "आई, बॅग भर."

मी भरली नाही. पुण्याला मी जाऊन आलेली आहे. सून चांगली आहे, नात तर जीव लावते, कशाची तोशीस पडत नाही. आणि तीच पंचाईत आहे. तिथे मी खिडकीपाशी बसते आणि लिफ्ट कितव्या मजल्यावर थांबली ते आवाजावरून ओळखते. दीड महिन्यात मला लिफ्टचे सगळे आवाज पाठ झाले होते. हे मी मुलाला सांगू शकत नव्हते, कारण त्याला वाटलं असतं की त्याच्याच घरात काही कमी आहे. मी फक्त म्हटलं, "इथं मला बरं वाटतं." त्यावर त्याचं म्हणणं, बरं वाटणं आणि बरं असणं यांत फरक आहे. शिक्षिकेच्या पोटी वकील जन्माला आला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी तह झाला. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, इतरांच्या नंतर. तोवर मी मोताळ्यातच राहायचं. पण घरावर लक्ष राहील अशी सोय करायची. शाळा उघडायच्या सुमाराला तो ठरवेल, आणि तो न्यायला आला तर मी नाही म्हणायचं नाही. मी शब्द दिला.

आठ दिवसांनी खोकं आलं. त्यात चार पांढरे प्लग. भिंतीच्या सॉकेटमध्ये हा प्लग खोचायचा आणि कूलरची पिन या प्लगमध्ये. वायफायची पेटी फ्रिजच्या शेजारी, त्याच्याच मुभेत; प्लग त्या वायफायवरून पुण्यातल्या मोबाइलला सांगणार, यंत्र चालू आहे की बंद, किती वेळ चाललं, किती लाईन खाल्ली. मोबाइलवरून ते बंद-चालूही करता येतं. मी मोटर रिवाइंडिंगवाल्याची बायको. प्लग हातात घेतल्याबरोबर आधी मागची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. शेगडी आणि घरघंटीचे प्लग सोळा अँपिअरचे होते, बाकीचे दोन दहाचे. मुलाने बरोबर निवडले होते, हे पाहून मला बरं वाटलं. बापाचं थोडंतरी उतरलं होतं.

सकाळचा चहा मी इंडक्शनच्या शेगडीवर करते, साडेपाचला. साडेसहापर्यंत शेगडी चालू झाली नाही तर मुलाच्या मोबाइलमध्ये गजर वाजणार, अशी त्याने व्यवस्था केली. म्हणजे माझा चहा हा माझ्या जिवंतपणाचा दाखला. पेन्शनीसाठी तो वर्षातून एकदा द्यावा लागतो, मुलासाठी रोज.

पहिल्या आठवड्यातच कळलं की मी घरात चार चुगलखोर आणून ठेवलेत. मी चारचौघांत सांगते की मी टीव्हीवरच्या मालिका बघत नाही, नुसत्या बातम्या बघते. मुलगा फोनवर सहज म्हणाला, "आई, संध्याकाळी साडेसात ते साडेआठ बातम्या कोणत्या चॅनलवर असतात?" मी म्हटलं, "हवामानाच्या." तो हसला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, मी त्या दिवसापासून टीव्हीपेक्षा त्या प्लगच्या निळ्या दिव्याकडेच जास्त बघू लागले.

घरघंटीचं प्रकरण एवढ्यावर थांबलं नाही. घरघंटी म्हणजे घरातली छोटी पिठाची गिरणी. एका माणसाला भाकरीपुरतं दळण किती लागतं? आठवड्याला अर्धा तास. मोबाइलमध्ये दिसत होतं, दर मंगळवारी दुपारी अडीच तास.

"आई, अडीच तास कोणाचं दळून राह्यली तू?"

तो पुण्यात राहून घासूनपुसून बोलायला लागलाय. 'मला, तुला' म्हणतो. पण रागावला किंवा घाबरला की आतला वऱ्हाडी माणूस बाहेर येतो. मी ओळखलं की आता खोटं बोलून उपयोग नाही.

"गल्लीतल्यांचं," मी म्हटलं.

"डॉक्टरनं उचलू नको म्हणून सांगितलं ना तुले?"

"मी कुठे उचलते? ज्याचं त्याचं तोच ओततो."

हे खरं होतं. आमचे हे आजारी असताना समोरच्या काकू आमच्याकडे दळण घेऊन यायला लागल्या. गिरणी लांब आहे असं म्हणायच्या, पण गिरणी काही लांब नव्हती. मी दिवसभर एकटी आजाऱ्यापाशी बसलेली असायचे, म्हणून त्या यायच्या. मग त्यांच्यामागे आणखी दोघीतिघी यायला लागल्या. हे गेल्यावरही मंगळवार चुकला नाही. डबा आणतात, घरघंटीत ओततात, दळण होईपर्यंत बोळीत पाय पसरून बसतात. रिकामा डबा कोणी कोणाकडे पाठवत नाही, म्हणून डब्यात कधी हिरव्या मिरच्या येतात, कधी गवारीच्या शेंगा. घरघंटीच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागतं, त्यामुळे आमच्या गल्लीत कोणाचंच काही गुपित राहिलेलं नाही. हे सगळं फोनवर कसं सांगणार? मी म्हटलं, "बरं, कमी करते." केलं नाही. तो समजला, आणि मला ते समजलं, आणि दोघांनीही तो विषय सोडून दिला.

कडी तुटली ती एप्रिलमधल्या बाजाराच्या दिवशी.

उन्हाच्या आधी आठवडी बाजार उरकावा म्हणून मी नऊला निघाले. फेरी केली. टीव्ही, कूलर, घरघंटी, शेगडी. टक, टक, टक, टक. भिंतीवरचं बटन बंद म्हणजे प्लगही बंद, आणि बंद प्लग पुण्याला काही सांगू शकत नाही, हे डोक्यात असूनही हाताला ते माहीत नव्हतं. हात आपला चाळीस वर्षांचा शहाणा. एरवी प्लग गेले की मुलगा 'लाईन गेली का' म्हणून फोन करायचा आणि मी पिशवीतला मोबाइल उचलायची; त्या दिवशी मोबाइल देव्हाऱ्यापाशी राहिला. मागच्या दाराला कुलूप लावलं आणि गेले.

तिकडे मुलाला मोबाइलमध्ये दिसलं की आईच्या घरचे चारही प्लग एकामागून एक 'ऑफलाइन' झाले. त्याने फोन केला, मी उचलला नाही. पुन्हा केला. मग समोरच्या काकूंना लावला. त्या दोघांचं बोलणं मला नंतर दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळालं, म्हणून ते मी छातीठोकपणे सांगू शकते.

मुलगा म्हणाला, "काकू, आईच्या घरचं सगळं ऑफलाइन दाखवून राह्यलं. जरा पाहता का?"

काकूंनी त्यातला 'लाईन' तेवढा ऐकला. "लाईन तर हाय ना रे बापा. आमचा पंखा चालू हाय."

"तुमची असंल. आईची गेली. चारही ठिकाणची गेली, एकामागं एक. अन् आई फोन नाही उचलून राह्यली."

गल्लीत सगळ्यांची लाईन आहे आणि एकाच घरातली एकेक करत जाते आहे, याचा अर्थ काकूंनी क्षणात लावला. इतकी वर्षं मोटारीवाल्याच्या समोर राहिल्या होत्या, त्यामुळे अर्धं ज्ञान त्यांच्यापाशी भरपूर होतं. वायर जळाली, घरात करंट उतरला, आणि बाई कुठेतरी चिकटली. त्यांनी रबरी चपला घातल्या, हातात लाकडी मुसळ घेतलं आणि गल्लीला हाक दिली. पुढचं दार आतून बंद. आत मोबाइल वाजतोय. म्हणजे बाई आत आहे. दोघा-तिघांनी खांदे लावले आणि कडी कोयंड्यासकट बाहेर आली.

मी वांगी, कैऱ्या आणि कोथिंबीर घेऊन मागच्या दाराने घरात शिरले. माझ्या मधल्या खोलीत पाचजण रबरी चपला घालून उभे होते आणि काकू मुसळाच्या टोकाने माझ्या कूलरला ढोसत होत्या.

"बाई, कशाले हात नका लावू," त्या मलाच म्हणाल्या. "करंट हाय घरात."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी पिशवी तिथेच टाकली. वांगी खोलीभर गडगडली. दार बघितलं, कडी बघितली, चपलांचे ठसे बघितले. प्रत्येकाला मी काय काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही. काकूंना तर 'उंटावरची शहाणी' म्हणाले. त्या ऐकून घेत होत्या आणि त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या हातातलं मुसळ त्यांनी अजून माझ्या आणि कूलरच्या मध्ये आडवं धरलंय. मी बोलायची थांबले.

मग फोन उचलला. पलीकडून नुसतं, "आई? कोठी होती तू? मले वाटलं..." आणि पुढे हुंदका. माझा मुलगा मोठा झाल्यापासून मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. माझा उरलेला राग तिथेच निवला आणि मला फार वाईट वाटलं. स्वतःचं नाही, त्याचं. चारशे किलोमीटर लांब बसून एक माणूस चार निळे दिवे विझताना बघतो आणि त्याला दुसरं काहीच करता येत नाही.

सावरल्यावर तो म्हणाला, "बस झालं आता आई. याच महिन्यात पुण्याले."

"शब्द शाळा उघडेपर्यंतचा आहे," मी म्हटलं.

"मग बटनं बंद करू नको. मी त्याले चिकटपट्टी लावायले सांगतो कोणाले."

चिकटपट्टी. यांनी जन्मभर पाळलेल्या नियमावर चिकटपट्टी. मी त्याला संध्याकाळी फोन करते म्हणून सांगितलं आणि दिवसभर विचार केला. कडी बसवायला सुतार आला, तो ठोकत होता आणि मी विचार करत होते. शिकवण्याच्या धंद्यात एक गोष्ट कळलेली असते: मूल एखादी चूक रोज न चुकता करत असेल, तर ती चूक नाही, ती त्याची रीत आहे. तिला धरूनच शिकवावं लागतं.

संध्याकाळी मी त्याला समजावलं. खरी लाईन जाते तेव्हा चारही प्लग एका क्षणी जातात. माणूस बंद करतो तेव्हा एकेक जातो. मी घरातून निघते तेव्हा टीव्हीपासून सुरू करते आणि शेगडीवर संपवते, मध्ये दुसरा क्रम नाही, कधी नव्हता. तेव्हा एकदम गेले तर समज की लाईन गेली, आणि त्या क्रमाने एकेक गेले तर समज की आई बाहेर निघाली. मी बटन दाबताना मध्ये जरा दम खात जाईन, म्हणजे तुझ्या मोबाइलला नीट मोजता येईल. उलट क्रमाने परत आले की आई घरी आली. मोबाइल यापुढे पिशवीत राहील. आणि काकूंना फोन करायची वेळ आली तर 'ऑफलाइन' हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

तो हळूच म्हणाला, "बाबांची फेरी करते तू अजून?"

"हाव," मी म्हटलं.

"टीव्ही, कूलर, घरघंटी, शेगडी."

"हाव."

"बरं," तो म्हणाला. "शाळा उघडेपर्यंत पाहू."

मी तेवढ्यावर थांबले नाही. एकतर्फी पाळत मला मान्य नव्हती. मी म्हटलं, तुझ्याही घरी असे प्लग लाव आणि ते माझ्या मोबाइलात दिसू दे. आईची काळजी मुलाने करायची आणि मुलाची आईने नाही, हा कुठला न्याय? त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. पण सूनबाई मागून म्हणाली, "लावा हो, मलाही बरंच आहे." त्याने तीन लावले. टीव्हीला, कॉम्प्युटरला आणि चहाच्या किटलीला.

ते पुढचे दीड महिने माझे फार सुखात गेले. सकाळी साडेपाचला माझी शेगडी लागायची, आणि मी चहा पितापिता त्याची किटली लागायची वाट बघायची. सातच्या सुमाराला तिच्या नावापुढे हिरवा ठिपका यायचा. तोवर मी भाजी निवडत बसायची. एखाद्या दिवशी साडेसात झाले तरी ठिपका आला नाही, तर मी फोन करायची, "उठला नाही का रे?" त्याचा आवाज झोपेने जड झालेला असायचा आणि त्यात एक जुना, शाळेत जायचा कंटाळा असायचा. आम्ही रोज बोलत नव्हतो. गरज नव्हती. मी बाजाराला निघाले की एकेक बटन, थांबत थांबत, बंद करायची आणि मनात म्हणायची, निघाले रे. कोणाला तरी सांगून घराबाहेर पडण्याचं सुख पाच वर्षांनी पुन्हा मिळत होतं, आणि ते किती होतं हे परत मिळेपर्यंत मला आठवत नव्हतं.

जून लागला. सून नातीला घेऊन माहेरी गेलेली, मुलगा पुण्यात एकटा. एका शनिवारी संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसायच्या आधी सहज मोबाइल बघितला. पुण्याचा टीव्ही ऑफलाइन झाला. मी बघत राहिले. मग कॉम्प्युटर. मग किटली. एकेक करत, मध्ये दम खात.

तो कधी भिंतीवरची बटनं बंद करत नसे. पुण्यात कोणीच करत नाही. आज केली होती, आणि बापाच्या क्रमाने केली होती. म्हणजे घर बंद करून कुठेतरी निघाला होता. मला सांगितलं नव्हतं, म्हणजे माझ्याकडेच. संध्याकाळची गाडी सकाळी आमच्या जवळच्या स्टेशनला, मलकापूरला पोहोचते. पहिल्यांदा नुसता आनंद झाला. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शाळा उघडायला तीन आठवडे होते. तो मला न्यायला येत होता.

सकाळी पावणेसहाला मी घरघंटी लावली. त्याला ताज्या ज्वारीची भाकरी लागते. बाजारची वांगी होतीच, ती भाजायला ठेवली. नऊच्या आत मागच्या गल्लीत त्याची पावलं वाजली आणि त्याने हाक मारायच्या आधी मी दार उघडलं.

"तुले गाडीतच, भुसावळला कळलं असंल," मी म्हटलं.

"हाव," तो पिशवी खाली ठेवत म्हणाला. "रविवारी सकाळी घरघंटी. समजलं मी, आईले समजलं." मग हसला. पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. भाकरी खाताना म्हणाला, आज संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत.

मी नाही म्हटलं नाही. शाळा उघडायला अवकाश होता, तरी शब्द दिलेला होता. त्याच्या डोळ्याखाली काळं आलं होतं, आणि मला माहीत होतं की त्यातलं निम्मं माझ्यामुळे आहे. हात धुऊन मी पिशवी भरायला घेतली आणि समोरच्या काकूंना जाऊन सांगितलं की उद्यापासून मी नाही.

काकूंनी फार काही विचारलं नाही. दुपारी तीनला त्या डबा घेऊन आल्या. मागून बाकीच्या तिघीही आल्या. मंगळवार नव्हता, पण मंगळवार आता येणार नव्हता. मुलगा बोळीत उभा होता. त्याने मुकाट्याने त्यांचे डबे घरघंटीत ओतायला सुरुवात केली. त्या बसल्या, पाय पसरले, आणि आवाजावर आवाज चढवून नेहमीसारख्या बोलू लागल्या. कोणाच्या सुनेचं काय, कोणाच्या कपाशीचं काय. माझ्या जाण्याबद्दल कोणी बोलेना.

दुसरा डबा संपल्यावर घरघंटी थांबली. त्या शांततेत काकू मुलाला म्हणाल्या, "किती दिवसांचं दळून घेऊ रे बापा?"

"म्हणजे?"

"बाई कधी येतात वापस, त्या हिशोबानं दळते. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांवर राहत नाही. कडू होते."

मुलगा सांडलेलं पीठ गोळा करू लागला. काकूंनी थोडी वाट बघितली, मग स्वतःच म्हणाल्या, "मंग पंधरा दिवसांचंच दळते," आणि अर्धा डबा ज्वारी तशीच परत घेऊन गेल्या. जाताना माझ्या ओट्यावर मिरच्या ठेवल्या, जिला उद्या स्वयंपाक करायचा नाही तिच्या ओट्यावर.

साडेपाचला आम्ही निघणार होतो. मी देव्हाऱ्यापाशी हात जोडून उभी होते. तेव्हा समोरच्या खोलीतून आवाज आला. टक. मग कूलरचा पंखा मंद होत होत थांबला. मग बोळीत टक. मग स्वयंपाकघरात. चार. इतकी वर्षं मी दुसऱ्या खोलीतून ही फेरी ऐकली होती, ती अशीच, याच चालीने. मला रडू आलं. यांच्यासाठी आलं, आणि घरासाठी, आणि या पोरासाठी, ज्याला मी नको तेवढी काळजी दिली. पदराने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि स्वयंपाकघरात आले.

तो शेगडीच्या बटनापाशी उभा होता. एका हातात मोबाइल. त्यावर चार करड्या खुणा.

"चारही गेले," तो म्हणाला. "एकामागं एक."

"निघायचं ना?" मी म्हटलं.

त्याने बोटाने पुण्याचे तीन प्लग समोर आणले. मग म्हणाला, "आई, पुण्याच्या घरात तुह्या हातचं एकही बटन नाही."

त्याने मोबाइल खिशात घातला आणि शेगडीचं बटन दाबलं. प्लगवर निळा दिवा लागला. माझ्याजवळून बोळीत गेला, घरघंटीचं दाबलं. मधल्या खोलीत गेला आणि कूलरचा वारा सुरू झाला. मी पिशवी घेऊन त्याच्या मागे मागे जात होते. टीव्हीचं बटन दाबून त्याने स्वतःची पिशवी खांद्याला लावली.

जे चाळीस वर्षं म्हणत आले तेच तोंडातून निघालं, "अरे, बाहेर पडताना बटनं बंद करायची असतात."

"बाहेर मी चाललो," तो म्हणाला, आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन खुर्चीवर ठेवली. "आई घरी आहे."